तबकडी मोकळी, चाल बांधलेली : 'सीता सिंग्ज द ब्लूज'चं प्रकरण

अमेरिकेत स्वतंत्र चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या गॉथम पुरस्कारांत पूर्वी एक विभाग असायचा : 'तुमच्या जवळच्या चित्रपटगृहात न लागलेला सर्वोत्तम चित्रपट'. २००८ साली तो पुरस्कार 'सीता सिंग्ज द ब्लूज' (म्हणजे 'सीता दुःखाची गाणी गाते') या रामायणावरच्या ८२ मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनपटाला मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला होता. जूनमध्ये फ्रान्समधल्या आनसीला, अ‍ॅनिमेशनवाल्यांच्या पंढरीला, पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं सर्वोच्च पारितोषिक त्यानं पटकावलं होतं. समीक्षक भरभरून लिहीत होते. एवढं होऊनही तो रीतसर थिएटरात लावायचा किंवा त्याची डीव्हीडी विकायची म्हटलं, तर तो बनवणाऱ्या नीना पेली या बाईच्या हातात तसा हक्क नव्हता.

सेन्सॉरनं तो अडवला नव्हता. चित्रपट पूर्ण तयार होता, जवळजवळ सगळा एकटीनं घरच्या संगणकावर बसून काढलेला. तो अडकला होता ऐंशी वर्षांपूर्वीच्या मूठभर गाण्यांपायी.

मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो, कारण मोठ्यांसाठी स्वतंत्र अ‍ॅनिमेशन करू पाहणारी मुलंमुली आज आपल्याकडेही आहेत. चित्र कसं हलवायचं ते त्यांना पक्कं येतं. गाणं कुणाकडून मागायचं, कधी मागायचं आणि न विचारता घेतलं तर काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. या चित्रपटाइतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्रिवेंद्रम, न्यूयॉर्क आणि एक ई-मेल

नीना पेली इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावची. वर्तमानपत्रांसाठी चित्रपट्ट्या काढायची, छोटे अ‍ॅनिमेशनपट करायची. २००२ मध्ये तिच्या नवऱ्याला त्रिवेंद्रममध्ये नोकरी मिळाली आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं बिऱ्हाड हलवून तीही तिकडे गेली. रामायण तिला तिथे भेटलं. आपण ते आजीच्या तोंडून ऐकतो, नाटकात पाहतो, कीर्तनात पुन्हा ऐकतो. राम कोण आणि सीता कोण, हे आपल्याला पहिल्यांदा कधी कळलं ते आठवतही नाही. तिला ते चांगलं जाणत्या वयात कळलं, आणि तेही स्वतःचा संसार डगमगत असताना.

थोड्या दिवसांच्या कामासाठी ती न्यूयॉर्कला गेली. तिथे नवऱ्याची ई-मेल आली : परत येऊ नकोस. चित्रपटात हा प्रसंग तिनं थरथरत्या रेघांत, एकही अलंकार न चढवता काढला आहे.

मग न्यूयॉर्कमध्ये कधी याच्या, कधी त्याच्या घरी सोफ्यावर झोपून दिवस काढणं आलं. अशाच एका घरी जुन्या तबकड्यांचा मोठा संग्रह होता आणि तिथे तिनं अ‍ॅनेट हॅनशॉचा आवाज ऐकला. हॅनशॉचा जन्म १९०१ चा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तबकड्यांवर आणि पुढे रेडिओवर ती गाजली, आणि पस्तिशीच्या आसपास गाणं सोडून बाजूला झाली. आवाज कोवळा, जवळजवळ शाळकरी मुलीसारखा. गाणी मात्र बरीचशी विरहाची, लाथाडलेल्या बाईची : तो माझ्याशी वाईट वागतो, तरी माझा जीव त्याच्यातच. आणि गाणं संपलं की तबकडीच्या शेवटी ती हसऱ्या आवाजात दोन शब्द बोलायची, 'दॅट्स ऑल!' म्हणजे, एवढंच बरं का.

ही सीताच गातेय असं नीनाला वाटलं. अग्निपरीक्षेवर तिनं आधी एक लघुपट केला. त्याला पुढचामागचा भाग जोडत जोडत पूर्ण चित्रपट झाला. मधे २००६ साली तिला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, तिचा मोठा आधार झाला. कामाचं मुख्य हत्यार फ्लॅश हे सॉफ्टवेअर. वेबसाइटवरच्या हलत्या जाहिराती आणि खेळ त्या काळी त्यातच बनायचे.

पडद्यावर काय आहे

सुरुवातीला समुद्रातून लक्ष्मी वर येते. तिच्यासमोर ग्रामोफोन आहे आणि तो मोराच्या आकाराचा आहे. तबकडी फिरू लागते, हॅनशॉचं गाणं सुरू होतं आणि सुई अडकते. तोच तुकडा पुन्हा पुन्हा. अडकलेली सुई म्हणजे नवऱ्याच्या दारावर डोकं आपटत राहणारी बाई, ही सगळ्या चित्रपटाची किल्ली पहिल्या मिनिटात हातात येते.

पुढे चित्रं पाच तऱ्हांची आहेत आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत. नीनाच्या स्वतःच्या आयुष्याचे प्रसंग वहीच्या कोपऱ्यात काढल्यासारख्या थरथरत्या रेघांत येतात. रामायणातले संवाद राजस्थानी लघुचित्रांच्या वळणाचे, माणसं बाजूनं पाहिलेली, मान कडक. गाण्यांच्या वेळी सगळं एकदम गुळगुळीत आणि गोल होतं : सीतेचे डोळे बशीएवढे, कंबर मुठीत मावेल इतकी, बाहू टायरसारखे फिरणारे. अग्निप्रवेशाचा एक तुकडा या सगळ्यापासून वेगळा आहे. तिथे रीना शाह या नर्तकीच्या खऱ्या नाचावरून चित्रं काढली आहेत, आणि चित्रपटातल्या सीतेला आवाजही तिचाच.

पाचवी तऱ्हा मला सगळ्यात जवळची वाटते. तीन सावलीबाहुल्या कडेला बसून रामायण सांगतात. असीम छाबरा, भावना नागुलपल्ली आणि मनीष आचार्य या न्यूयॉर्कमध्ये भेटलेल्या तीन भारतीयांचे ते आवाज आहेत. संहिता नव्हतीच. तिघांना स्टुडिओत बसवलं, गोष्ट आठवेल तशी सांगा म्हटलं आणि ध्वनिमुद्रण केलं. ते एकमेकांना अडवतात, चुकतात, वाद घालतात. रावणानं पळवून नेताना सीतेनं वाटेवर दागिने टाकले असं एक जण सांगतो, तर लगेच शंका निघते : वनवासाला निघताना तिनं दागिने उतरवले नव्हते का? तिघांचं लहानपण भारताच्या वेगवेगळ्या भागांत गेलेलं, म्हणून प्रत्येकाचं रामायण थोडं निराळं. आपल्या घरी गणपतीत चार नातेवाईक जमल्यावर पुराणातल्या गोष्टींवरून जे होतं, अगदी तेच. भक्ती आहे, जिव्हाळा आहे आणि 'पण तिनं असं का केलं?' हा प्रश्नही आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये माणसांचं खरं बोलणं इतकं मोकळं मी फार कमी ऐकलं आहे.

(या तिघांपैकी मनीष आचार्य मुंबईत चित्रपट दिग्दर्शित करत होते. २०१० च्या डिसेंबरात माथेरानला घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. चित्रपट पुन्हा पाहताना तो हसरा, भांडखोर आवाज आला की मन हळवं होतं.)

मध्यावर चक्क मध्यंतर आहे. पडदा पडतो आणि पात्रं पॉपकॉर्न, सरबत घेऊन पडद्यासमोरून ये-जा करतात. आपल्या सिनेमाची ही सवय तिनं प्रेमानं उचलली आहे.

तर गाणी अशी जागोजाग पेरलेली. राम संशय घेतो तेव्हा सीता बोलत नाही, हॅनशॉचं गाणं गाते. ओठांची हालचाल, पावलांचा ठेका, माकडांच्या उड्या, राक्षसांच्या उडणाऱ्या मुंडक्या, सगळं त्या तबकडीच्या तालावर एकेक चौकट मोजून काढलेलं. पुढे अडचण आल्यावर कितीतरी जणांनी तिला सल्ला दिला : गाणी बदल ना. कवितेच्या सगळ्या ओळी बदला, फक्त अर्थ राहू द्या, असं सांगण्यासारखंच ते होतं. चित्रपटाचा जन्मच त्या आवाजातून झाला होता.

एका गाण्याचे तीन मालक

इथे थोडं थांबून कायदा समजून घ्यायला हवा, कारण घोटाळा इथेच होतो. आपलंच उदाहरण घेऊ. बालगंधर्वांच्या आवाजातलं, 'कान्होपात्रा' नाटकातलं 'जोहार मायबाप जोहार'. समजा तुम्हाला ते तुमच्या अ‍ॅनिमेशनपटात वापरायचं आहे. शब्द चोखोबांचे. चौदाव्या शतकातल्या संतांचा अभंग सगळ्यांचा आहे, त्याला कुणाची परवानगी नको. तबकडी जुनी. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतं आणि ती केव्हाच उलटली. आता वाटेल, झालं, मोकळं आहे. पण चाल मास्टर कृष्णरावांची आहे. ते १९७४ साली गेले. संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, म्हणजे ती चाल २०३४ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. शब्द मोकळे, आवाज मोकळा, चाल बांधलेली.

याउलट 'मानापमाना'तलं पद घेतलंत तर चाल गोविंदराव टेंब्यांची आणि शब्द खाडिलकरांचे. टेंबे १९५५ मध्ये गेले, खाडिलकर १९४८ मध्ये. दोन्ही मुदती संपल्या. नाटक दोन्हीकडे संगीत, आवाज दोन्हीकडे जुना, हिशोब मात्र पूर्ण वेगळा. आणि कानाला यातलं काहीच कळत नाही.

नीनाचं नेमकं असंच झालं. अमेरिकेच्या संघराज्याच्या कॉपीराइट कायद्यात १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणं येतच नव्हती. तबकड्यांना त्या कायद्याचं संरक्षण नाही, हे तिनं आधी तपासून घेतलं होतं. त्यातही एक मेख होती : राज्याराज्यांचे वेगळे कायदे तबकड्यांना काही संरक्षण देत होते, म्हणजे तीही बाजू तिला वाटली तितकी स्वच्छ नव्हती. पण खरा दणका रचनांनी दिला. तबकडीवर जे गाणं आहे त्याचे शब्द आणि चाल कुणीतरी लिहिलेली होती, १९२७, १९२८, १९२९ या वर्षांत. ती माणसं केव्हाच वारली होती. त्यांचे हक्क एकाकडून दुसऱ्याकडे विकत विकत मोठ्या संगीत कंपन्यांकडे जमा झाले होते. आणि १९९८ साली अमेरिकेनं कॉपीराइटची मुदत २० वर्षांनी वाढवल्यामुळे तिथे अशा रचनांना प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण मिळालं होतं.

त्यातून चित्रासोबत गाणं जोडायचं तर वेगळाच हक्क लागतो. धंद्यात त्याला सिंक म्हणतात. रेडिओवर गाणं लावायचे दर ठरलेले असतात. सिंकचा दर ठरलेला नसतो. मालक म्हणेल ती किंमत, आणि नाही म्हणाला तर नाही.

दोन लाख वीस हजार डॉलर

मालकांनी मिळून आधी मागितलेली रक्कम २,२०,००० डॉलरच्या आसपास होती. घरच्या संगणकावर चित्रपट करणाऱ्या बाईला ही रक्कम म्हणजे आभाळाला हात लावणं. वितरक मिळाला असता तर त्यानं भरली असती. पण गाण्यांचे हक्क नसलेला चित्रपट वितरक घेत नाही आणि वितरक नसताना हक्क घ्यायला पैसे नसतात. या चक्रात ती वर्षभर फिरत राहिली. वॉशिंग्टनच्या अमेरिकन विद्यापीठात कायद्याचे विद्यार्थी गरजूंची प्रकरणं हाताळतात, त्यांची तिला मदत झाली.

याच सुमारास रॉजर एबर्ट या फार वजनदार समीक्षकाच्या हाती चित्रपट लागला. त्यांनी त्याच्यावर मनापासून लिहिलं आणि २००९ मध्ये स्वतःच्या महोत्सवात तो दाखवला. एबर्टही अर्बानाचेच आणि महोत्सव शेजारच्या शँपेन गावात. नाव झालं. पण नाव झाल्यानं गाणी सुटली नाहीत.

बोलणी होता होता आकडा ५०,००० डॉलरवर आला. नीनानं कर्ज काढलं आणि भरले. अटी मात्र समजून घेण्यासारख्या आहेत. एवढे पैसे भरूनही तिला डीव्हीडीच्या ५,००० पेक्षा कमी प्रतीच विकता येणार होत्या. त्यापुढच्या विक्रीवर मालकांना पुन्हा पैसे द्यायचे. जितका खप होईल तितकं देणं वाढत जाणार. जाहिरातीसाठी मोफत वाटलेल्या प्रतींवर मात्र काही द्यायचं नव्हतं.

ही शेवटची अट सगळेच करार करतात. चार समीक्षकांना, दहा महोत्सवांना प्रती पाठवता याव्यात म्हणून ती असते. नीनानं ती वाचली आणि सगळ्या जगालाच जाहिरातीची प्रत पाठवायचं ठरवलं.

२००९ च्या मार्चमध्ये तिनं पूर्ण चित्रपट इंटरनेटवर मोफत ठेवला. छोटी, धुरकट प्रत नव्हे. थिएटरात दाखवता येईल इतक्या दर्जाच्या फाइल्ससकट सगळं. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा : घ्या, दाखवा, कापा, जोडा, विकासुद्धा, फक्त नाव द्या आणि तुम्ही जे कराल तेही असंच मोकळं ठेवा. त्याच सुमारास, ७ मार्चला, न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईटी या सार्वजनिक वाहिनीवर तो लागला. सार्वजनिक प्रसारकांसाठी अमेरिकन कायद्यात संगीताची वेगळी सवलत आहे, म्हणून तो मार्ग आधीपासून खुला होता.

नीना पुढे 'मोफत संस्कृती'ची, म्हणजे कला सगळ्यांना मोकळी असावी या विचाराची, मोठी पुरस्कर्ती झाली, भाषणं केली, चित्रं काढली, म्हणून लोक हा निर्णय तत्त्वाचा समजतात. तत्त्व होतंच, पण मी हा निर्णय आधी हिशोबाचा मानतो. विकलेली प्रत तिला मर्यादेकडे ढकलत होती आणि दिलेली प्रत ढकलत नव्हती. कागदावर वाट एकच उरली होती आणि ती तिनं पूर्ण ताकदीनं चालली. डीव्हीडी काढल्या त्या ४,९९९. एकही जास्त नाही. त्या सहीच्या, संग्रहाच्या प्रती म्हणून विकल्या. शिवाय टी-शर्ट, छापील चित्रं आणि लोकांनी आपणहून दिलेले पैसे. कुणीही प्रत काढून विकू शकत होतं, म्हणून 'हिच्यातला वाटा कलावंताकडे जातो' असं सांगणारी एक खूण तयार झाली. ती खूण पाहून लोक विकत घेत. वितरकाकडून जेवढं हाती आलं असतं त्याहून हे जास्तच आलं, असं तिनं पुढे सांगितलं.

मला यातला एक भाग पटतो आणि एक पटत नाही. ८० वर्षांपूर्वीच्या गाण्यासाठी, ज्याचा गीतकार आणि संगीतकार दोघंही हयात नाहीत, अशी रक्कम मागणं हे कलेच्या मुळावर येणारं आहे. पण नीना पुढे कॉपीराइट मुळातच नको या टोकाला गेली. तिथे मी थांबतो. आपल्याकडे गीतकार आणि संगीतकार एकदाचं मानधन घेऊन सगळे हक्क निर्मात्याला लिहून देत आले. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यांचा स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) वाटा त्यांना लिहून देता येणार नाही असा केला, तेव्हा कुठे पुढच्या पिढीला थोडा आधार आला. जिवंत कलावंताला मिळणारं ते संरक्षण काढून घ्यावं असं मला वाटत नाही. अडचण मुदतीच्या लांबीत आहे, आणि मालक कोण हे शोधताना माणूस दमून जातो यात आहे.

आपली सीता, त्यांची सीता

चित्रपट मोकळा झाल्यावर आक्षेपही आले. हिंदू जनजागृती समितीनं २००९ मध्ये बंदीची आणि कायदेशीर कारवाईची मागणी केली. दुसऱ्या टोकाकडून, गोऱ्या अमेरिकन बाईनं आमची कथा का घ्यावी, असंही विचारलं गेलं.

श्रद्धा असलेल्याला या चित्रपटातल्या काही चौकटी बोचतील, हे खरं आहे. गर्भवती सीतेशी राम ज्या तऱ्हेनं वागताना दाखवला आहे ते पाहणं मलाही अवघड गेलं. पण सीतेच्या बाजूनं रामाला प्रश्न विचारणं बाहेरून आलंय असं मराठी माणसानं तरी म्हणू नये. आपल्या बायकांनी जात्यावर बसून पिढ्यान्पिढ्या हेच गायलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात सीतेचा वनवास वारंवार येतो आणि तो गाणारीच्या सासुरवासाशी जोडलेला असतो. दळणारी बाई सीतेला देवी म्हणून हात जोडते आणि त्याच श्वासात बहीण म्हणून तिच्यासाठी रडते.

आणि यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरी आहे. तिथल्या देवळात सीता एकटी आहे, शेजारी राम नाही. बाळंत झालेल्या सीतेनं गावात मूठभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत आणि तिनं शाप दिला, अशी तिथली गोष्ट. शरद जोशींनी ते देऊळ दुरुस्त करून घेतलं आणि टाकून दिलेल्या बायकांच्या प्रश्नाशी जोडलं. नवऱ्यानं टाकलेली एक अमेरिकन बाई सीतेजवळ येऊन बसली, तर रावेरीच्या सीतेला त्याचं नवल वाटणार नाही.

मोठ्यांच्या अ‍ॅनिमेशनची ताकद मला इथे दिसते. हाडामांसाची नटी सीता झाली की आपण नटी पाहतो, नेसण पाहतो, दागिने पाहतो. गोल डोळ्यांची, चार रेघांची सीता कुणाचीच नसते, म्हणून ती कुणीही होऊ शकते. कार्टून म्हणजे पोरांचं, ही आपली समजूत या एका चित्रपटानं मोडायला हरकत नाही. मुलांना दाखवण्याआधी मात्र स्वतः पाहा.

पुढचं

२०१० मध्ये नेटफ्लिक्सकडून विचारणा आली. तिथे चित्रपटाला प्रत-रोधक कुलूप लागणार होतं. मोकळ्या चित्रपटाला कुलूप नको म्हणून तिनं नकार दिला, पैशाची गरज असतानाही.

मोकळ्या परवान्यानंही कटकट संपली नाही. चित्रपटातलं काही वापरायचं असलं की संस्थांचे वकील तिला सहीसाठी कागद पाठवत. परवान्यावर स्पष्ट लिहिलंय, परवानगी आधीच दिली आहे, हे सांगूनही त्यांना सही हवीच असे. ११ जानेवारी २०१३ रोजी अ‍ॅरन स्वॉर्ट्झ या तरुण कार्यकर्त्यानं आत्महत्या केली. माहिती मोकळी करण्याच्या प्रकरणात त्याच्यावर खटला चालू होता. त्यानंतर आठवड्याभरात, १८ जानेवारीला, नीनानं उरलीसुरली अटही काढून टाकली. नाव द्या, असंही आता म्हणायचं नाही. तिच्याकडे असलेले सगळे हक्क तिनं सोडून दिले.

आपल्याकडच्या मुलांना मी या प्रकरणातून एकच गोष्ट हाताला धरून सांगेन : पहिली चौकट काढण्याआधी गाण्याचे तीन मालक शोधा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, तबकडी कुणाची. तिघांची मृत्यूची आणि प्रकाशनाची वर्षं एका कागदावर लिहा. एक जरी अडकलेला असला तर तेव्हाच विचारा, कारण तेव्हा तुम्ही गाणं बदलू शकता. चित्र त्या गाण्यावर नाचू लागलं की तुमच्या हातात काही राहत नाही, आणि समोरच्याला ते कळतं. नीनानं वाट काढली, पण बर्लिन आणि आनसीची पुण्याई तिच्या गाठीशी होती आणि कर्ज मिळण्याची सोयही. ती प्रत्येकाकडे नसते.

आता कायद्याचा काटा उलटा फिरला आहे. १९२९ साली अमेरिकेत प्रकाशित झालेल्या संगीतरचना १ जानेवारी २०२५ ला मोकळ्या झाल्या, त्याआधीच्या त्याहून आधी. म्हणजे जिच्यासाठी कर्ज काढलं ती चाल तिथे आज कुणीही वापरू शकतं. उलट २०१८ च्या नव्या कायद्यानं जुन्या ध्वनिमुद्रणांना पहिल्यांदाच संघराज्याचं संरक्षण दिलं. १९२९ च्या तबकड्या तिथे २०२९ संपेपर्यंत बंद आहेत. आज कुणी तेच गाणं नव्यानं घ्यायला गेलं तर चाल मोकळी मिळेल आणि हॅनशॉचा आवाज अडेल.

चित्रपट इंटरनेट अर्काइव्हवर आहे, उतरवून घ्या. शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर, चार मित्रांना बोलावून दाखवा, त्यासाठी नीनाला विचारावं लागत नाही. मध्यंतराला उठू नका. आणि शेवटच्या चौकटीपर्यंत थांबा. आपल्या घराघरांतल्या कॅलेंडरवर विष्णू शेषावर पहुडलेला असतो आणि लक्ष्मी त्याचे पाय चेपत असते. इथे लक्ष्मी पहुडली आहे आणि पाय चेपायला विष्णू बसला आहे.